अठ्ठेचाळीसनंतर

अकोल्याच्या एका दवाखान्यात माझी फाईल आहे आणि तिच्या पहिल्याच पानावर एक चूक आहे. तिथे इंग्रजीत जे लिहिलंय त्याचा अर्थ असा, की रुग्णाला 'एक' ही संख्या सांगता येत नाही. मला 'एक' सांगता येतो. तेव्हाही येत होता. सांगता येत नव्हता तो वेगळाच आकडा होता, आणि त्याची नोंद त्या फाईलच्या चव्वेचाळीस पानांत कुठेही नाही. पानं मी मोजली आहेत. दोनदा.

चुकीची नोंद मला सहन होत नाही, आणि त्याला कारण आहे. मी तेवीस वर्षं नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात माल मोजून ट्रकमध्ये चढवून देतो. आता चिठ्ठीवरच्या रेघा वाचणारं यंत्र आलं आहे, पण ट्रकच्या फाळक्यापाशी उभं राहून मोठ्याने मोजणारा माणूस लागतोच. यंत्राचा आणि माझा आकडा जुळला नाही, तर आमच्याकडे आधी यंत्र तपासायचे. एवढीच माझी जगातली पत. दुखण्यानंतर ती मोजणी माझ्याकडे राहणार, की मला फाटकावर गाड्यांचे नंबर लिहायला बसवणार, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता. जगण्या-मरण्याचा प्रश्न अकोल्यातच निकाली निघाला होता.

'एक'चं आधी सांगतो. आमचं घर माळ्याचं. वडील अमरावतीच्या बाजारात मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकायचे. जुड्या मोजून देताना पहिल्या जुडीला ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. बाजारातले सगळेच जुने लोक असं मोजत. मला ती सवय लागली आणि ट्रकमध्ये कापडाचा पहिला रोल मी आजही 'लाभ' म्हणूनच चढवतो. हमालांनाही ते आवडतं. पुण्याहून आलेल्या एका अधिकाऱ्याने मला एकदा विचारलं होतं, की हा 'लाभ' नावाचा हमाल कोणता.

दुखणं सुरू झालं ते बायकोच्या माहेरी, अकोल्याला, तिच्या थोरल्या भावाच्या मुलीच्या लग्नात. निघण्याआधी चार दिवस ताप होता. चौथ्या दिवशी ओठाच्या कडेला फोड उठले. आमच्याकडे याला 'ताप मुतला' म्हणतात, आणि ताप मुतला म्हणजे तो अंगातून निघून गेला असं धरतात. शेजारच्या काकूंनी दारातूनच पाहून निकाल दिला, "आता भेव नाही जी, गेला तो." तो गेला नव्हता, वर चढत होता. ओठावर फोड आणणारा हा विषाणू बहुतेकांच्या अंगात जन्मभर मुकाट पडून असतो आणि क्वचित कुणाच्या मेंदूत शिरतो, हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. काकूंना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांचा निकाल बदलणार नाही, आणि मला आणखी एक निकाल नको आहे.

मांडवात दुपारी बाराच्या सुमाराला मला जळका वास येऊ लागला. रबर जळतं तसा. बाकीच्या तीनशे लोकांना वरणाचा वास येत होता. मी उठलो, आचाऱ्याकडे गेलो आणि त्याच्या पेटत्या भट्टीत पाण्याची बादली ओतली. हे मला आठवत नाही, पण मला न आठवणाऱ्या गोष्टी आठवून देणारे नातेवाईक माझ्याकडे भरपूर आहेत. त्यानंतर मी एका खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसलो. जेवायला बोलावलं तर उत्तर दिलं नाही.

असा माणूस रस्त्यावर दिसला असता तर कुणीही त्याच्या कपाळाला हात लावून पाहिलं असतं. पण मी त्या घरचा जावई होतो. आणि लग्नाच्या मांडवात जावई भिंतीकडे तोंड करून बसला, तर वऱ्हाडात त्याचं निदान एकच होतं: जवाई रुसले.

बायकोचा भाऊ हात जोडून समोर आला. स्वतःच्या मुलीचं लग्न सोडून आला.

"जवाईबापू, काय चुकलं आमचं? सांगा तर खरं."

"जळून राहिलं," मी म्हणालो.

"कोन जळून राहिलं? कोनाले म्हनता?"

"इथंच. इथंच जळून राहिलं."

'इथंच' म्हटल्यावर तिथे उभ्या असलेल्या दोन मामेसासऱ्यांनी ते अंगावर घेतलं. एक म्हणाले, "आमी काहून जळू? तुमची नोकरी तुमाले, आमचं वावर आमाले." दुसऱ्यांनी माझ्या नोकरीबद्दल आणखी दोन वाक्यं जोडली. ती बायकोने मला आजवर सांगितलेली नाहीत. त्यावरून त्यांचा अंदाज येतो.

मग माझी समजूत काढणं सुरू झालं. टोपी घातली, दुपट्टा टाकला, हातात नारळ दिला. मी नारळ जमिनीवर ठेवला. त्यावरून रुसवा मोठा असल्याचं ठरलं, आणि एकजण आणखी चांगला दुपट्टा आणायला मोटरसायकल घेऊन गेला. बायको दोनदा म्हणाली, "यायले काहीतरी होऊन राहिलं. हे असे नाहीत." तिला तिच्या काकूने गप्प केलं, "तू मधात नको बोलू. मानाचं हाये."

साडेबारा ते साडेचार, असे चार तास गेले. अंगठीचं कबूल करावं की नाही यावर बैठक चालू असताना मला झटका आला. हातपाय ताठ, तोंडाला फेस. तोवर माझ्या अंगावर तीन दुपट्टे चढले होते. या आजारात तासातासाला महत्त्व असतं, असं पुढे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी तीन दुपट्ट्यांना चार तासांनी भागून पाहिलं. तासाला पाऊण दुपट्टा पडला.

पुढचे सहा दिवस माझ्याकडे नाहीत. बायकोकडे आहेत. तिने सांगितलं ते असं: पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, मेंदूचे फोटो काढले, डाव्या कानशिलाच्या आतल्या भागाला सूज निघाली. दर आठ तासांनी शिरेतून औषधाची एक बाटली, एकवीस दिवस. मी तिला 'ताई' म्हणत होतो, तिच्या भावाला 'ड्रायव्हर' म्हणत होतो, आणि सलाईनची नळी दोनदा ओढून काढली. भावाने तेव्हा तिला हळूच विचारलं होतं, "अजून रुसूनच हायेत का?"

सातव्या दिवशी मी शुद्धीत आलो आणि एक तरुण डॉक्टर माझी परीक्षा घ्यायला आला. कुठे आहात? अकोल्यात. बरोबर. वार कोणता? माझा वार एका दिवसाने चुकला. सहा दिवस मला कुणी वार सांगितलाच नव्हता, हे त्याने लक्षात घेतलं नाही. मग त्याने माझ्या पुढ्यात चार पेनं ओळीने मांडली.

"मोजा."

"लाभ, दोन, तीन, चार."

"पुन्हा एकदा. पहिल्यापासून."

"लाभ, दोन, तीन, चार."

"एक कुठे आहे, काका?"

"एक म्हणत नाहीत," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि लिहून घेतलं. पुढे त्याने वीसपर्यंत मोजायला लावलं, तेही मी 'लाभ'पासूनच मोजलं, तेही त्याने लिहून घेतलं. नंतर कागदावर शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, असं करत मी थेट दोनपर्यंत गेलो. तो पाचव्या वजाबाकीलाच थांबा म्हणाला होता, पण उरलेलं गणित तसंच सोडणं मला जमत नाही. लेखी परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले. तोंडी मोजणीत वीसच्या पुढे त्याने मला नेलंच नाही. सगळा घोळ तिथे आहे. जे मला येत होतं ते येत नाही असं त्याने लिहिलं, आणि जे येत नव्हतं तिथवर तो पोचलाच नाही.

त्या दिवसापासून मी बाटल्या मोजू लागलो. पहिल्या सहा दिवसांच्या अठरा बायकोच्या शब्दावर धरल्या आणि पुढच्या स्वतःशीच मोजत गेलो. शेवटच्या दिवशी शेवटची बाटली संपली तेव्हा माझा आकडा त्र्याहत्तर झाला. परिचारिकेच्या तक्त्यावर त्रेसष्ट होते.

"काका, आठ तासांनी एक, एकवीस दिवस. तुम्हीच गुणा ना," ती म्हणाली.

मी गुणलं. त्रेसष्ट आले. शहाण्या माणसाने तिथे थांबायला हवं होतं. पण तेवीस वर्षं यंत्रं माझ्यापुढे चुकीची ठरली होती, तिथे एका मुलीचा तक्ता काय. मी म्हणालो, "म्हणजे तुम्ही दहा बाटल्या जास्त दिल्या, आणि लिहिल्या नाहीत."

बायकोचा भाऊ दारातच होता. दुपट्ट्यांची भरपाई करायची संधी तो एकवीस दिवस शोधत होता. तो आत आला आणि म्हणाला, "जवाईबापूची मोजनी चुकत नाई. दहा बाटल्या कुठं गेल्या ते सांगा पयले." आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. मोठ्या सिस्टर आल्या. आमच्या सगळ्यांसमोर त्या मुलीला तक्त्यावरच्या सह्या एकेक करून मोजून दाखवाव्या लागल्या, आणि त्या त्रेसष्ट भरल्यावरही मोठ्या सिस्टरनी तिलाच दोन शब्द सुनावले, की पेशंटला नीट समजावून सांगता येत नाही का. मी विजयी मुद्रेने घरी आलो.

अमरावतीच्या घरी अकरा दिवसांत एक्केचाळीस लोक भेटायला आले. त्यांतल्या अडतीस जणांनी दारातून आत येताच पहिला प्रश्न विचारला, "काऊन जी, ओळखलं का मले?" प्रत्येकाला आपण विसरले गेलो असू अशी भीती होती, आणि प्रत्येकाला आपणच लक्षात राहिलो असू अशी खात्रीही होती. काहींनी शेजाऱ्याला ओळखतो का तेही तपासलं. एका मेहुणीने माझ्यासमोर तीन बोटं धरली. मी चार सांगितली. ती रडायला लागली, तेव्हा बायको मला म्हणाली, "पुरे करा आता."

उरलेल्या तिघांपैकी दोघांना विचारायला सवड मिळाली नाही, कारण ते स्वतःच्या मणक्याबद्दल सांगत बसले. तिसरा एक पन्नाशीचा, काळासावळा, रुंद खांद्याचा माणूस होता. तो काहीच बोलला नाही. पाऊण तास बसला, चहा प्याला, जाताना माझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. तो गेल्यावर मी बायकोला विचारलं, "हा कोण?"

"अहो, तुमचा मुकादम."

चौदा वर्षं त्या माणसाच्या टोळीने माझ्यासमोर ट्रक भरले होते. अडतीस जणांना मी बिनचूक ओळखलं, आणि ज्याला ओळखायला हवं होतं त्याने विचारलंच नाही.

डॉक्टरांनी सुट्टी देताना सांगितलं होतं, की काही गोष्टी मागे राहू शकतात. मागे काय राहिलं ते मी एका वहीत लिहीत गेलो. दुपारी दोननंतर डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं. रबराचा वास अधूनमधून येतो, आता मी पाणी ओतत नाही. राग लवकर येतो. बायको म्हणते हा आधीपासूनच होता, आजाराच्या नावावर टाकू नका. काही चेहरे जागेवर बसत नाहीत. आणि नावं गेली, पण तीही सरसकट नाहीत. पाना, पक्कड, कुलूप, शिडी ही सगळी जागेवर होती. जिवंत वस्तूंची गेली होती: पाखरं, झाडं, भाज्या. मेंदूच्या त्या भागाला सूज आली की असं होतं म्हणे. माझ्यासारख्याच्या बाबतीत मात्र ही थट्टा जरा जास्तच झाली. ज्याचा बाप भाजी विकून गेला, तो मी बाजारात एका बाईच्या टोपलीसमोर उभा राहिलो आणि पुढचा शब्द येईना.

"काय देऊ भाऊ?"

"ते... हिरवं."

"सारंच हिरवं हाये जी."

"लांब असते ते."

तिने दोडका दाखवला, गवार दाखवली, चवळी दाखवली. मी तिन्ही घेतल्या. निघताना ती म्हणाली, "माळ्याचेच ना तुमी? अन् भाजी बोटानं मागता?" घरी तिन्ही भाज्या ओट्यावर मांडून बायकोने एकेक नाव माझ्याकडून दहादा म्हणून घेतलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. दहादा म्हणून घेणं तिच्या हातचं काम आहे.

चार महिन्यांनी डॉक्टरांनी 'कामास योग्य' असा दाखला दिला. तो घेऊन मी कारखान्यात गेलो. मधल्या काळात नवा मॅनेजर आला होता. वय बत्तीस. त्याने दाखला वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा दाखला वाचला.

"काका, सोमवारी एक ट्रक मोजा. मशीनशी टॅली झालं तर कंटिन्यू. नाही झालं तर गेट. चालेल?"

चालेल, म्हणालो. सोमवारला नऊ दिवस होते. सराव म्हणून बायकोने शाळेतून चिंचोक्यांची पिशवी आणली आणि स्वतः मोजून एकशे वीस माझ्यासमोर ओतले. मी मोजले. एकशे तीस भरले. मी तिला म्हणालो, तुझी मोजणी चुकली. तिने पुन्हा मोजले, एकशे वीस. मी पुन्हा मोजले, एकशे तीस. तिसऱ्यांदाही एकशे तीसच. निष्काळजी माणूस कधी दोनने चुकतो, कधी पाचने. दर वेळी बरोबर दहाने चुकणारा माणूस निष्काळजी नसतो.

"मोठ्यानं मोजा," ती म्हणाली. "मी आयकते."

मी मोजू लागलो. ती हातातली वही तपासत होती.

"थांबा. एकोणपन्नास कुठं गेला?"

"म्हटला ना."

"तुमी अठ्ठेचाळीस म्हटलं, एकोणसाठ म्हटलं, अन् साठ म्हटलं."

"मी एकोणपन्नासच म्हटलं."

तिने वाद घातला नाही. मोबाईल समोर ठेवून पुन्हा मोजायला लावलं आणि मग मला ऐकवलं. माझाच आवाज होता, स्वच्छ, ठणठणीत, फाळक्यापाशी उभं राहून मोजतो तसा: सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणसाठ, साठ. मी तीनदा ऐकलं. तोंडातून निघताना मला तो एकोणपन्नासच ऐकू येत होता, मोबाईलमधून येताना एकोणसाठ.

चौथ्यांदा ऐकताना मला त्या बाटल्या आठवल्या. त्रेसष्टच्या त्र्याहत्तर. आणि सह्या मोजून दाखवणारी ती मुलगी.

सुटा विचारला तर एकोणपन्नास मला येत होता. लिहिता येत होता. मोजणीच्या ओघात मात्र तिथली पायरीच निखळली होती, आणि पाय थेट दहा पायऱ्या वर पडत होता. पाच दिवस मी तेवढ्या एका आकड्याचा अभ्यास केला. अंघोळीत, जेवताना, पलंगावर पडून. सहाव्या दिवशी मोजलं. एकशे तीस.

"चाळीस नऊ म्हणा," बायको म्हणाली.

इथे थोडं मागे जावं लागेल. काही वर्षांपूर्वी दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात मोजायची नवी पद्धत आली. त्रेसष्टला साठ तीन, एकोणपन्नासला चाळीस नऊ. त्यावर राज्यभर जी ओरड झाली तिच्यात मी होतो. वर्तमानपत्राला मी दोन पानांचं पत्र पाठवलं होतं. छापून आलं नाही, पण प्रत मी जपून ठेवली होती. बायको शाळेत साठ तीन शिकवून घरी यायची आणि मी तिला विचारायचो, आज किती वाजले, दहा दोन की दहा एक? हे मी बरेच महिने केलं.

"मी तसं मोजणार नाही," मी म्हणालो.

"नका मोजू. मंग ट्रकात दहा रोल हवेचे भरा."

"लोक हसतील."

"हसू द्या. माह्या वर्गातले लेकरं तर हसत नाहीत. बरोबर मोजतात बिचारे."

मग तिने कपाट उघडलं, माझ्या पत्राची प्रत काढली आणि वर्गात वाचून दाखवतात तशी वाचली. 'ज्याला एकोणपन्नास म्हणता येत नाही त्याने मोजण्याचे काम करू नये' हे वाक्य तिने दोनदा वाचलं. वाक्य चांगलं उतरलं होतं, यात शंका नाही. मी चिंचोके पुढे ओढले. लाभ, दोन, तीन. वीसपासून पुढे तिने मला तिच्या पद्धतीवर घेतलं. वीस एक. तीस चार. चाळीस आठ. चाळीस नऊ. पन्नास. शेवटी एकशे वीस भरले. ती काहीही न बोलता भाकरी टाकायला गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी तपासणीसाठी अकोल्याला गेलो. परीक्षा घेणाऱ्या त्या तरुण डॉक्टरला म्हणालो, पहिल्या पानावरची नोंद दुरुस्त करा, मला 'एक' येतो. त्याने म्हणायला सांगितलं. मी म्हटलं, एक. तो म्हणाला, मग तेव्हा का नाही म्हणालात? मी त्याला वडील, मेथी, सांभार, लाभ, सगळं सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं आणि सांगितलं, की पहिल्या दिवसाची नोंद कॉम्प्युटरमध्ये आता बदलता येत नाही. मग मी एकोणपन्नासचं सांगितलं. त्याने कुतूहलाने मला जुन्या पद्धतीने मोजायला लावलं, अठ्ठेचाळीसनंतर एकोणसाठ ऐकून खूश झाला, लिहिलं मात्र काही नाही, आणि ताजे फोटो पाहून म्हणाला, "रिपोर्ट मात्र एकदम नॉर्मल आहेत." रिपोर्टला मोजता येत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

ती परिचारिका खालच्या मजल्यावर होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"बाटल्या त्रेसष्टच होत्या," मी म्हणालो. "माझी मोजणी चुकली. तुम्हाला उगीच बोलणी बसली."

ती हसली. "काका, मला तेव्हाच कळलं होतं. रात्रपाळीला तुम्ही पुटपुटत मोजायचे ना, मी ऐकायची. पण पेशंटला कसं सांगणार? आणि तुमच्या त्या भाऊंना तर कोण सांगणार?"

मग ते फाईलमध्ये का नाही लिहिलं, असं मी विचारलं.

"फाईलमध्ये डॉक्टर लिहितात," ती म्हणाली.

सोमवारी मी फाळक्यापाशी उभा राहिलो. यंत्र घेऊन एकजण पलीकडे, मॅनेजर खुर्ची टाकून सावलीत. टोळी रांगेत. मुकादमाने पहिला रोल खांद्यावर घेतला आणि माझ्यासमोर थांबला. चेहरा मला अजून अनोळखीच वाटत होता.

"लाभ," मी म्हणालो.

"हाव," तो म्हणाला आणि चढला. आवाज ओळखीचा होता. चौदा वर्षांचा आवाज होता.

वीसपर्यंत सगळं नेहमीसारखं झालं. 'वीस एक' म्हटल्यावर रांगेतला एकजण थबकला. 'वीस तीन'ला मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब दुसरीत बसले वाटते." हशा झाला. मी मोजत राहिलो. हसणारे खांद्यावरच्या वजनाने आपोआप गप्प होतात, हा या कामाचा एक फायदा आहे. तीस, चाळीस, चाळीस आठ. तिथे मी थांबलो. तोंडात एकोणसाठ तयार होता, अगदी दातांपाशी. तो मागे सारायला मला किती वेळ लागला ते मी मोजलेलं नाही. रांग थांबली. मॅनेजरने मोबाईलमधून डोकं वर काढलं.

"चाळीस नऊ," मी म्हणालो.

पुढे एकशे चाळीस आठलाही थांबावं लागलं, पण त्या खेपेला कमी. शेवटचा रोल चढला तेव्हा मी म्हणालो, "एकशे नव्वद सहा." मॅनेजरने यंत्राच्या पडद्यावर पाहिलं.

"वन नाइन्टी सिक्स. परफेक्ट," तो म्हणाला. मग खुर्ची जवळ ओढून हळूच बोलला, "काका, तुमची ही सिस्टीम बेस्ट आहे. मला ते एकोण-बिकोण कधीच जमलं नाही. एकोणपन्नास म्हटलं की मला फिफ्टी नाइनच वाटतं."

"लहानपणी मोठा ताप आला होता का?" मी विचारलं.

"नाही. का?"

"सहज."

त्याच्या मेंदूचा फोटो कुणी काढलेला नाही. त्याची फाईलही नाही. अमरावतीत त्याच्या वयाचे असे किती निघतील, याचा मी अंदाज करून पाहिला आणि सोडून दिला. मला सगळ्या शहराला अकोल्याला न्यावं लागलं असतं.

मोजणी माझ्याकडे राहिली. फाटकावर दुसरा माणूस आहे. भाज्यांपैकी पंधरा नावं परत आली आहेत, दोडका आणि गवार अजूनही जागा बदलतात. मुकादमाचा चेहरा काही दिवशी बसतो, काही दिवशी बसत नाही, म्हणून तो आता सकाळी आल्याबरोबर काहीतरी बोलतो, म्हणजे मला आवाज मिळावा. हे त्याने स्वतःहून सुरू केलं. आता बायकोच मला अधूनमधून विचारते, आज किती वाजता येणार, पाच वाजता की दहा उणे पाच?

अठ्ठेचाळीसनंतर मात्र मी दर ट्रकला थांबतो. रांगही थांबते, सगळ्यांच्या खांद्यावर रोल असतात. कुणी हसत नाही आता. परवा मी जरा जास्तच वेळ थांबलो असेन, कारण मुकादम फळीवर एक पाय ठेवून माझ्याकडे वळला.

"साहेब, चाळीस नऊ म्हना," तो म्हणाला. "खांदा दुखून राह्यला."